अर्धा तास आधी

चष्म्याच्या दुकानात ती आपला नंबर लागायची वाट बघत बसली होती, आणि समोरच्या आरशात स्वतःची दुसरी हनुवटी नक्की कधीपासून मुक्कामाला आली याचा हिशोब लावत होती, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरची बाई म्हणाली, "अहो, ओळखलंत का? ह्या त्या डॉक्टर. तुमच्या ऑपरेशनला भूल दिली होती ना, त्या." बोलणं तिच्याशी नव्हतं, पलीकडे बसलेल्या नवऱ्याशी होतं. त्याच्या मांडीवर बायकोची पर्स होती आणि ती त्याने दोन्ही हातांनी धरली होती, कुणीतरी जरा वेळ सांभाळायला दिलेलं मूल धरावं तशी. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. सभ्य, स्वच्छ, दुसऱ्याच कुणीतरी दाढी करून दिलेला चेहरा. एका कानाखाली पांढरे खुंट राहून गेले होते. "हो, हो," तो म्हणाला. "झोप छान लागली होती." मग थोडा विचार करून, सुरात तक्रार मुळीच नसताना, म्हणाला, "पण उठवायला कोणी आलं नाही." बायको हसली. रोज पाहुण्यांसमोर हसून हसून झिजलेलं हसू. "असंच काहीतरी बोलतात. मनावर घेऊ नका." आणि पुढे झुकून, हळू आवाजात, "डॉक्टर, त्या दिवशी आत काही झालं होतं का हो? भांडायला नाही विचारत. नुसतं कळलं ना, तरी बरं वाटेल." तिने तोंड उघडलं आणि तोंडातून एक वाक्य बाहेर पडलं, जे ती गेली सव्वीस वर्षं व्हरांड्यांत, लिफ्टच्या दारांत, पायऱ्यांवर बोलत आली होती: "वय झालं की होतं असं कधीकधी." वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकं सोयीचं होतं. तिचा नंबर पुकारला गेला तेव्हा ती रस्त्यावर होती, चष्मा न घेताच, आणि दुकानांच्या सगळ्या पाट्या कडांना विरघळल्यासारख्या दिसत होत्या.

उठवायला कोणी आलं नाही. पण ती तर गेली होती. तिला स्पष्ट आठवत होतं, चौदा महिन्यांपूर्वी, त्याच्या कपाळावर तळहात ठेवून, नाव घेऊन, डोळे उघडा, ऑपरेशन झालं, असं नेहमीचंच. त्याने डोळे उघडले होते. जीभ बाहेर काढा म्हटल्यावर काढली होती. हात दाबा म्हटल्यावर दाबला होता. पुस्तकाप्रमाणे तो उठला होता. मग ज्याला ती उठवून आली तो कोण, आणि जो अजून आत वाट बघत पडलाय तो कोण. असला विचार करायला तिला आवडत नसे; अशा विचारांना तिची आई 'रिकामटेकडं दळण' म्हणायची. तरीही दुकानातल्या त्या दिवसापासून तो विचार तिच्याबरोबर घरी आला, भाजी निवडताना बसला, बाथरूमच्या दाराबाहेर थांबला. तो गृहस्थ बसगाड्यांची वेळापत्रकं आखायचा, निवृत्त होईपर्यंत. हर्नियाचं साधं ऑपरेशन. टेबलावर घेतल्यावर त्याने भिंतीवरचं घड्याळ बघून तिला दरडावलं होतं, "साडेनऊ म्हणाला होतात, डॉक्टर. दहा वाजून चार मिनिटं झाली. आमच्या खात्यात मेमो मिळाला असता." ती हसली होती, म्हणाली होती, "आमच्या खात्यात झोप मिळते." आणि बोलता बोलता, वॉर्डातून त्याला शांत करणारं इंजेक्शन मिळालेलं असूनही, त्याचा हात थरथरतोय असं वाटून तिने आणखी थोडं दिलं. सवयीने. दार लोटून घ्यावं तसं. तिसऱ्या दिवशी वॉर्डात गेली तेव्हा त्याची मनगटं पट्ट्यांनी कॉटच्या दांड्यांना बांधलेली होती, कारण तो सलाइन उपटत होता आणि छताकडे बघून कुणालातरी ओरडून सांगत होता की गाडी सोडू नका, अजून माणसं चढायचीत. त्याचा चष्मा आणि कानातलं यंत्र एका प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कपाटात, कपाटाला कुलूप. तिने फायलीवर सही केली. 'रुग्ण अस्वस्थ. वयानुरूप.'

त्या सहीनंतर, तो तसाच घरी गेल्यावर, ती वाचायला लागली. जेवणं झाल्यावर नाही, तेव्हा डोळे मिटत; सकाळी, चहाचं पाणी उकळताना, ओट्याशी उभी राहून. म्हाताऱ्या मेंदूला भूल कशी वेगळी चढते आणि कशी उतरत नाही याबद्दल जगभर लोक कधीचे लिहीत होते आणि ती ओटा पुसत होती. शांत करणारी ती औषधं शक्यतो टाळा. मात्रा कमी करा, हळू द्या. झोप किती खोल गेली ते कपाळावर पट्टी लावून मोजा, अंदाजाने नको. चष्मा, कवळी, कानातलं यंत्र शेवटच्या क्षणापर्यंत अंगावर राहू द्या आणि शुद्धीवर येताना सर्वांत आधी परत द्या. घरचं माणूस जवळ बसवा. खिडकी दाखवा, घड्याळ दाखवा. बांधू नका. यातलं निम्मं तर कुठलीही शहाणी सून सांगू शकली असती. तिला वाचताना लाज वाटायची ती पुढच्या गोष्टीची: त्या वेळापत्रकवाल्याला वॉर्डात दिलेलं पहिलं इंजेक्शन कुठून आलं हे तिला शोधावं लागलं नाही. ते पिवळ्या कार्डावर छापलेलं होतं, आणि पिवळं कार्ड तिचं होतं.

बावीस वर्षांपूर्वी हे इस्पितळ म्हणजे नुसता बाजार होता. कोणत्या पेशंटला काय द्यायचं हे ज्याच्या त्याच्या तोंडी असायचं; कुणाला दोनदा मिळायचं, कुणाला काहीच नाही. एकदा एक तरुण बाई ट्रॉलीवर भीतीने अशी थडथडत आली होती की ट्रॉलीच्या सळया वाजत होत्या, आणि तिचा हात धरून उभं राहण्यापलीकडे हिला काही करता आलं नव्हतं. त्या संध्याकाळी हिने घरी बसून, पट्टीने रेघा ओढून, एक कार्ड तयार केलं. आदल्या दिवशी काय, सकाळी काय, दागिने, चष्मा, कवळी, यंत्र काढून पिशवीत. आणि शेवटची ओळ, शांत करणारं इंजेक्शन, मात्रा अमुक, नेण्याच्या अर्धा तास आधी. सगळ्यांना. वयाचा रकाना ठेवायचा तिला सुचलंच नाही. तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती आणि म्हातारी माणसं म्हणजे तिला थोडी सुरकुतलेली तरुण माणसं वाटत. कार्ड छापलं गेलं, पिवळ्या पुठ्ठ्यावर, कौतुक झालं. वॉर्डावॉर्डात जाऊन तिने सिस्टरांना शिकवलं: कार्डावर आहे ते, तेवढंच, त्या वेळेला. कुणी तोंडी काही सांगितलं तर ऐकायचं नाही, मग तो सर्जन असो नाहीतर पेशंटचा मामा. त्या दयेतून निघालेल्या कार्डामागे किती म्हाताऱ्या माणसांची रांग आपल्या घरी जाऊन पर्स धरून बसली असेल, याची मोजदाद कुणाकडेच नव्हती. वय झालं की होतं असं.

बैठकीत ती बोलली, नाही असं नाही. सहा महिन्यांपूर्वी. अध्यक्ष हाडांचे सर्जन होते, आडदांड, प्रेमळ, सुतारासारखे हात. तिने कागद वाचून दाखवला, 'कार्डाचा पुनर्विचार व्हावा असे वाटते', आणि वाचतानाच तिच्या लक्षात आलं की या वाक्यात कुणाला वाटते याचा पत्ताच नाही. "बाई," सर्जन म्हणाले, "म्हातारी माणसं म्हातारी होतात. त्यात आपण काय करणार? आणि स्टोअरमध्ये सहा हजार कार्डं छापून पडलीयेत. ती संपू देत, मग नवीन छापू." सगळे हसले. तिनेही हसण्यात भाग घेतला. ते कार्ड मी केलं आणि त्याने एक माणूस गेला, चालताबोलता गेला, हे तिला त्या टेबलावर ठेवता आलं असतं, बिस्किटांच्या बशीशेजारी. ठेवलं नाही. ती आपली एक-एक पेशंट करून, आपल्या हाताखाली आला तर, वेगळं वागत राहिली. कपाळाला पट्टी, कानात यंत्र, मात्रा निम्मी. गळक्या छताखाली एकट्याने छत्री उघडून बसावं तसं.

आणि चष्म्याच्या दुकानानंतर नवव्या दिवशी तिची आई पंखा पुसायला स्टुलावर चढली. एक्याऐंशीव्या वर्षी. "पंखा घाण होता," एवढंच स्पष्टीकरण तिने दिलं, जमिनीवर पडल्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलेलं असताना. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, आयुष्यभर, कानाला हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड. आता त्याच कानात यंत्र होतं, आणि ते काढलं की ती भिंतीसारखी बहिरी. इस्पितळाच्या गाडीत तिने लेकीचं मनगट धरून विचारलं, "ढमे, मला तूच झोपवशील ना?" लहानपणी ही गुटगुटीत होती, त्या नावातून चौपन्न वर्षांत सुटका नव्हती. "आपल्या माणसाला आपण भूल देत नाही, आई. माझी सहकारी देईल. आणि झोपवणार नाहीच. कमरेतून भूल, खालचं अंग बधिर, तू जागी." "म्हणजे एवढं शिकून तुला मला झोपवताही येत नाही. मी तुला नुसती थोपटून झोपवायचे." मग जरा वेळाने, गाडीच्या छताकडे बघत, "परत जशीच्या तशी दे म्हणजे झालं." आई विनोद करत होती. हिच्या डोळ्यांसमोर मात्र कॉटला बांधलेली ती मनगटं एकदम आली आणि या वेळी ती बांगड्यांची होती.

तिने केसपेपरवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: शांत करणारं काहीही देऊ नये. यंत्र, चष्मा काढू नये. खाली दोन रेघा. आईला पढवलं, "सिस्टर इंजेक्शन घेऊन आली तर सांग, मुलीने नको म्हटलंय." सिस्टरला मात्र जाऊन सांगितलं नाही. आपल्या आईला खास वागणूक हवी म्हणून बाई आल्या, असं कुणी म्हणू नये. शिवाय तोंडी सांगायचं नाही, हा नियम कुणाचा. सकाळी आठला ती वॉर्डात आली तेव्हा आई तोंड उघडं टाकून झोपली होती. कवळी काढल्याने गाल आत गेलेले. कान रिकामा. डोळे अर्धवट मिटलेले, पापण्यांच्या फटीतून पांढरं दिसत होतं. उशाला पिवळं कार्ड टांगलं होतं, सगळ्या ओळींपुढे बरोबरच्या खुणा. सिस्टर लगबगीने आली, वीस वर्षांची ओळख, चेहऱ्यावर निखळ आनंद. "मॅडम, अगदी मिनिटावर दिलं. तुमच्या आईच्या बाबतीत मी हयगय करीन का? आजी जरा कुरकुर करत होत्या, मुलीने नको म्हटलंय म्हणून. मी म्हटलं, आजी, हे तुमच्या मुलीचंच कार्ड आहे." केसपेपर? तो तर थिएटरात वाचतात. वॉर्डात कार्ड. बावीस वर्षांपूर्वी असं ठरवणारी बाई समोरच उभी होती, हातात डबा घेऊन. आपलेच दात, आपलेच ओठ. "ठीक आहे," ती म्हणाली. आवाज इतका नेहमीचा निघाला की तिलाच नवल वाटलं. पिशवी मागून घेतली, यंत्र काढलं, आईच्या कानात बसवलं. कान गार होता. यंत्र बारीक शिट्टी वाजवून थांबलं, आत कुणी नसलेल्या घराची बेल दाबल्यासारखं.

पुढे ढकलावं का, असं सर्जनला विचारून झालं. मोडलेला खुबा घेऊन म्हाताऱ्या माणसाने जितकं पडून राहावं तितकं वाईट, हे तिलाही ठाऊक होतं. सहकारीने कमरेत सुई घातली, बाकी काहीही न देता. "केस तुझी," ही तिला म्हणाली होती, "मी फक्त नातेवाईक." "नातेवाईक असे मॉनिटरकडे बघत नाहीत, मॅडम. तुम्ही डोक्याशी बसा आणि बोला त्यांच्याशी." म्हणून ती डोक्याशी बसली. तिची नेहमीचीच जागा, पण स्टूल आज बुटकं वाटत होतं. पडद्याच्या पलीकडे सर्जन ठोकत होते. प्रत्येक ठोक्याला आईचं डोकं उशीवर किंचित हलायचं, बसमध्ये डुलकी लागलेल्या माणसाचं हलतं तसं. तिने कानाशी तोंड नेलं. "आई, ऐकू येतंय?"

"येतंय," आई म्हणाली. डोळे मिटलेले. "लांबून येतंय. बाहेरगावचा कॉल आहे का?"

"नाही, इथूनच बोलतेय."

"कोण हवंय आपल्याला?"

तो आवाज तिने चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. घरचा नव्हे, कामावरचा, इस्त्री केलेला, कुठलीही सुरकुती नसलेला आवाज. शाळेला सुटी असली की आई तिला एक्स्चेंजमध्ये घेऊन जायची आणि बोर्डाखाली, बायकांच्या पावलांमध्ये बसवायची. वर एकाच वेळी वीसजणी बोलायच्या, नंबर सांगा, थांबा, जोडते, आणि त्या वीस आवाजांतून आपल्या आईचा आवाज कोणता हे पावलांवरून ओळखावं लागायचं. कारण आवाज सगळ्यांचा एकच होता. एकदा तिने चुकीच्या पायाला मिठी मारली होती. त्या पायाने हळूच स्वतःला सोडवून घेतलं होतं, न रागावता, आणि ते न रागावणं तिला अजून आठवत होतं.

"आई हवीये," ती म्हणाली. मूर्खासारखं, पण दुसरं काही सुचेना.

"त्या जागेवर नाहीत," आई अत्यंत अदबीने म्हणाली. "काही निरोप?"

पलीकडे ठोके थांबले होते. सहकारी मॉनिटरकडे बघत होती, आकडे उत्तम होते. रक्तदाब, प्राणवायू, सगळं एखाद्या निरोगी बाईचं.

दोन दिवस आई जागेवर नव्हती. सकाळी थोडी बरी असायची, सूप प्यायची, 'धन्यवाद' म्हणायची. ऊन भिंतीवरून उतरायला लागलं की हात उठायचे. हवेत, छातीसमोर, एका हाताने काहीतरी उपटायचं, दुसऱ्याने खुपसायचं. वॉर्डातल्या बाकीच्यांना ते वेड्याचे चाळे वाटले असतील. हिला एक्स्चेंजच्या बोर्डाची एकेक दोरी दिसत होती, पितळी टोकाची. सिस्टर पट्टे घेऊन आली तेव्हा ती "नको" म्हणाली आणि आपले हात पुढे केले. आईने तिचं बोट धरलं, तपासलं, ब्लँकेटच्या एका विणीत खुपसलं, आणि समाधानाने म्हणाली, "बोला." कुणाशी बोलायचं ते कळत नव्हतं. ती बोलली. खिडकीबाहेर कोणतं झाड आहे, किती वाजले, आज कोणता वार, तू कुठे आहेस, मी कोण आहे. तासातासाला, तेच ते, आईचा चष्मा पुसून पुन्हा तिच्या नाकावर चढवत. जेव्हा शब्द संपायचे तेव्हा तिला वेळापत्रकवाल्याची बायको दिसायची: ही बाई चौदा महिने हे करतेय, आणि तिला तर कुणी कारणही सांगितलेलं नाही. त्यांचा पत्ता फायलीत असणार. तिथे जाऊन काय बोलायचं याची वाक्यं ती मनात जुळवायची, आणि प्रत्येक वाक्य सुरू व्हायच्या जागीच अडकायचं, कारण सुरुवातीला जो शब्द यायला हवा होता तो एकाक्षरी होता आणि जड होता.

चौथ्या दिवशी सकाळी ती खुर्चीत डोळे मिटून बसली होती. "ढमे," आवाज आला, खरखरीत, घरचा. "आंघोळ केलीयेस का? वास येतोय." तिने डोळे उघडले. आई चष्म्यातून तिच्याकडेच बघत होती, नापसंतीने. रडावं की काय करावं हे न कळून ती डॉक्टरकीवर उतरली. "आई, आज वार कोणता?" "तुला माहीत नसेल तर सिस्टरला विचार." "महिने उलटे म्हणून दाखव." "कशाला?" "म्हण ना." "डिसेंबर, नोव्हेंबर," आई वैतागून म्हणू लागली, "ऑक्टोबर, सप्टेंबर, ऑगस्ट, जुलै, मे, एप्रिल, मार्च, फेब्रुवारी, जानेवारी." झाले. सगळे झाले. हिच्या पायाखालून मात्र एक पायरी निसटली. जून कुठे गेला? पडण्याआधी विचारलं असतं तर आईने जून म्हटला असता का? चौपन्न वर्षांत कोण मुलगी आईचे महिने मोजून ठेवते. आता पुढे आई किल्ली विसरली, गॅस विसरला, एखादं नाव विसरली, की ही मागे वळून त्या एका सकाळकडे बघणार, आणि ती सकाळ तोंड उघडं टाकून पडलेली दिसणार. कधीच कळणार नाही. हा तिचा वाटा होता, आणि तो तिला घरी न्यायचा होता.

"सिस्टरला काही बोललीस का गं?" आईने विचारलं.

"कशाबद्दल?"

"त्या सुईबद्दल. नाही म्हणजे, तिला ओरडू नकोस. मी सांगितलं होतं तिला, मुलीने नको म्हटलंय. ती म्हणाली, हे तुमच्या मुलीचंच कार्ड आहे." आई आपल्या दंडावरच्या हिरवट डागाकडे बघत होती. "तुझं म्हटल्यावर मग मी हात पुढे केला."

तिला तो हात दिसला. शांत, विश्वासाने उताणा केलेला, कोपरात निळी शीर. ती सव्वीस वर्षं अशा हातांवर जगत आली होती.

शेजारच्या कॉटवर कालच एक म्हातारी आली होती, मांडीचं हाड, सोबतीला कुणी नाही, उद्या ऑपरेशन. ती मघापासून उघडपणे ऐकत होती. वॉर्डात पडदे असतात पण भिंती नसतात. "अहो बाई," ती म्हणाली, "तुम्ही इथल्याच ना? ते सुईचं काय म्हणत होतात? सिस्टर म्हणते, मस्त झोप लागते. घेऊ ना मी?"

"नका घेऊ."

"का? कार्डावर लिहिलंय म्हणे." म्हातारीने उशाकडे हात नेऊन पिवळा पुठ्ठा चाचपला, खरा आहे की नाही बघावं तसा.

"ते चुकीचं आहे. तुमच्या वयाला ते घातक आहे. माणूस परत येत नाही कधीकधी."

"आणि तरी छापलंय? कुणी केलं असलं?"

"मी," ती म्हणाली.

म्हातारीने तिच्याकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत. आई खिडकीकडे बघत होती, पण कानातल्या यंत्रावर तिचं बोट होतं. "बरं," म्हातारी शेवटी म्हणाली. "मग ते त्या टेबलावरच्या सिस्टरला तुम्हीच जाऊन सांगा. माझं इथे कोण ऐकतंय."

सिस्टरचं टेबल वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होतं. मध्ये अठरा कॉट. ती उठली, साडी झटकली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलायचं असं ठरवून चालू लागली.